सिट म्हटलं की जांभई, चेंडू दिसला की उधाण

तुमची लॅब्रॅडॉर कुत्री दीड वर्षाची आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास तुम्ही तिच्याकडून सिट, डाउन, स्टे आणि हील (पायाशी चालणं) करून घेता. पहिली पाच मिनिटं बरी जातात. मग जांभया, जमीन हुंगणं, भलतीकडेच बघत राहणं. त्याच कुत्रीला चेंडू दाखवला की अंगात वारं शिरतं. क्लासचे ट्रेनर म्हणतात, शिस्तीत खेळ मिसळला की कुत्रं डोक्यावर बसतं. घरचे म्हणतात, बिचारीला खेळू द्या, कशाला ही कवायत. या दोघांच्या मध्ये सापडून तुम्ही विचारलंय, की आज्ञा पाळणं कुत्र्याला काम वाटतं की खेळ, आणि तुम्ही काय धरून चालावं.

मी बरीच वर्षं कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवते. (जास्त वेळ माणसांवरच जातो.) माझं मत आधीच सांगून टाकते. 'सिट' मुळात ना काम असतं, ना खेळ. ढुंगण टेकवण्यात मजा ती काय असणार, आणि कष्ट तरी कसले? तो शब्द कानावर पडल्यावर तिच्या आयुष्यात आजवर पुढे काय घडत आलंय, त्यावरून तिच्यासाठी तो शब्द कशाचा ते ठरतं. ज्या शब्दानंतर हवंहवंसं काही सुरू होतं, तो खेळाचा. ज्या शब्दानंतर हवंहवंसं काही संपतं, किंवा ज्याच्यानंतर फक्त तोच शब्द पुन्हा येतो, तो कामाचा. तुमच्याकडे सिटनंतर काय येतं? तुमच्या वर्णनावरून तरी, आणखी एक सिट.

खाण्याची खूण मिळाली की कुत्र्यांना लाळ सुटते, हे दाखवणाऱ्या पावलोव्हचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याच्या पुढची गोष्ट मला जास्त उपयोगी वाटते. 1990 च्या दशकात मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या (बक्षिसाशी जोडलेल्या रसायनाच्या) पेशींचं काम मोजलं. सुरुवातीला फळाचा रस तोंडात पडला की या पेशी जोरात चालायच्या. रसाच्या आधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिवा लागताच चालू लागल्या, आणि रसाच्या वेळी जवळपास शांत राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचं काम नेहमीपेक्षा खाली गेलं. तुमच्या तोंडातला शब्द म्हणजे तो दिवा. त्याच्यामागे चांगलं काही येत राहिलं, तर तिला शब्दाचंच अप्रूप वाटायला लागतं. काहीच आलं नाही, तर शब्द नुसता रिकामा होऊन थांबत नाही, तो हिरमोड करणारा होतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण सिटचं नसून 'ये'चं आहे. मोकळ्या जागेत कुत्रं सोडलेलं असतं, हुंगतंय, पळतंय. माणूस हाक मारतो, कुत्रं धावत येतं, माणूस पट्टा अडकवतो आणि घरी नेतो. हे काही दिवस चाललं की 'ये' म्हणजे शाळा सुटल्याची नव्हे, भरल्याची घंटा होते. मग कुत्रं दहा पावलांवर येऊन थांबतं, मान वाकडी करून बघतं, हात पुढे केला की तेवढंच मागे सरकतं. मालक म्हणतो, हट्टी झालंय. हट्टी कसलं, त्याने हिशोब बरोबर मांडलाय. यावर उपाय असा, की एका फेरीत बऱ्याचदा हाक मारायची, आलं की गळपट्ट्याला हात लावायचा, खाऊ द्यायचा आणि लगेच 'जा' म्हणून पुन्हा सोडून द्यायचं. घरी जायची हाक ही त्या अनेक हाकांतली एक असते, आणि ती कुठली हे कुत्र्याला आधी ओळखता येत नाही.

इथे आणखी एक गोष्ट दडलेली आहे. 'जा' हेच बक्षीस आहे. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात हे नीट मांडून दाखवलं: प्राणी आपणहून जे जास्त करतो, ते वापरून जे तो कमी करतो त्याला बळ देता येतं. बक्षीस म्हणजे खाऊच, असं काही नाही. हुंगणं, पळणं, झुडपात तोंड खुपसणं, दुसऱ्या कुत्र्याला भेटणं, हे सगळं तुमच्या खिशात आहे. फक्त तुम्ही आत्तापर्यंत त्याला 'लक्ष विचलित होणं' म्हणत आलात.

आता तुमच्या कुत्रीच्या हुंगण्याकडे येऊ, कारण त्यात गंमत आहे. हुंगणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्ही दिसायला सारखंच. खरं हुंगणारी कुत्री एका रेषेत पुढे सरकते, नाकपुड्या भरभर हलतात, मध्येच मागे येऊन तीच जागा पुन्हा तपासते, आणि तुम्ही काय करताय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. दुसरं हुंगणं तुमच्या शब्दाला चिकटून येतं. तुम्ही जरा करड्या आवाजात 'डाउन' म्हणता, त्याच सेकंदाला नाक खाली जातं. जमिनीवर तसं काही नसतं. तुम्ही नजर वळवली की नाक वर. हे टाळणं आहे. तिच्या भाषेत, 'जरा वातावरण निवळू दे.' जांभई, जीभ झटकन बाहेर काढून नाक चाटणं, मान बाजूला फिरवणं, हेही त्याच घरातलं. झोप आल्यावरची जांभई वेगळी, ती दुपारी पाय ताणून दिलेली असते. अर्ध्या तासाच्या अभ्यासातली जांभई बहुतेक वेळा ताणाची असते.

पण नुसत्या खुणांवरून पटकन निष्कर्ष काढू नका. मी एक साधी चाचणी करते, तुम्हीही करून बघा. सराव चांगला चाललेला असताना मध्येच थांबा. हात खाली, शब्द नाही, दुसरीकडे बघत उभे राहा. आता ती काय करते ते बघा. पुढे येऊन नाकाने हात ढोसते, न सांगता बसून दाखवते, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागची बाजू वर करते, एकदा भुंकते, तर तिच्या लेखी खेळ थांबलाय आणि तो तिला परत हवाय. ती अंग झाडून, जणू आंघोळ करून आल्यासारखी, निघून गेली तर तिच्या लेखी ड्युटी संपली. ही चाचणी मला 'शेपूट हलतेय का' यापेक्षा कितीतरी भरवशाची वाटते, कारण शेपूट घाबरलेलं कुत्रंही हलवतं.

मग पहिली पाच मिनिटं बरी का जातात? माझा अंदाज, कारण तेवढ्यापुरतं तिला वाटत असतं की आज काहीतरी नवं असेल. स्वीडनमध्ये बीगल कुत्र्यांवर एक प्रयोग झाला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. काही कुत्र्यांना एखादं साधन चालवून बक्षिसापर्यंत पोहोचता यायचं. त्यांच्या जोडीदार कुत्र्यांनाही बक्षीस मिळायचं, पण त्यांनी काहीही केलं तरी त्याचा संबंध नसायचा. पहिल्या गटातली कुत्री खोलीत शिरताना जास्त उत्साही असायची, शेपट्या जास्त हलायच्या. दुसऱ्या गटातली आत यायलाच कुरकुर करू लागली. खाऊ दोघांनाही मिळत होता. फरक होता तो 'मी केलं म्हणून झालं' या जाणिवेचा. तुमच्या कुत्रीला सिट केव्हाच येतं. त्यात सोडवायला काही उरलेलं नाही, आणि तिच्या करण्याने काही घडतही नाही.

अर्धा तास ही तर सरळसरळ चूक आहे, इथे मी 'परिस्थितीवर अवलंबून' वगैरे म्हणणार नाही. दोन-तीन मिनिटांचे तुकडे करा. सकाळी दार उघडण्याआधी एक, वाटी खाली ठेवण्याआधी एक, फिरताना तीन-चार. आठवड्यातून एखादा दिवस गाळला तरी बिघडत नाही. 2011 मधल्या एका अभ्यासात आठवड्यातून एक-दोनदाच शिकवलेली बीगल कुत्री रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी सत्रांत शिकली, आणि एका वेळी थोडंच शिकवलेली जास्त शिकवलेल्यांपेक्षा सरस ठरली. आणि तुमच्या कुत्रीच्या जातभाईंवरचाच एक छोटा अभ्यास 2017 चा आहे. त्यात 16 लॅब्रॅडॉर होते. नवं काही शिकल्यावर लगेच अर्धा तास ज्यांना फिरवून खेळवलं, त्यांना दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा जमायला कमी प्रयत्न लागले. नुसता आराम केलेल्यांना जास्त लागले. म्हणजे तुमच्या अर्ध्या तासाचा उपयोग करायचाच असेल, तर तीन मिनिटं शिकवा आणि उरलेला वेळ चेंडू फेका.

आता ट्रेनरचा मुद्दा. खेळ मिसळला की शिस्त जाते, ही समजूत खेळ म्हणजे सैलपणा असं मानणाऱ्याची आहे. खेळाइतके कडक नियम कशालाच नसतात. दोन कुत्री खेळताना बघा. एकाचा दात जोरात लागला की दुसरं किंचाळून बाजूला होतं आणि खेळ बंद पडतो. पहिलं मग वाकून, पुढचे पाय पसरून, पुन्हा विचारतं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी याच वाकण्याचा अभ्यास केलाय. ज्या हालचालीचा गैरसमज होऊ शकतो, उदाहरणार्थ चावा घेऊन मान झटकणं, तिच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर हे वाकणं जास्त दिसतं. 'मी खेळतोय बरं का' असं सांगण्याची ती रीत. एवढा शिष्टाचार पाळणाऱ्या प्राण्याला आपण सांगतो की खेळात शिस्त नसते!

ओढाओढीचा खेळ घ्या, ज्याला सगळ्यात जास्त शिव्या बसतात. दोरीचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं तिच्या तोंडात. जोरात चाललंय. आता दोन्ही हात मांडीला घट्ट टेकवा आणि हलू नका. दोरी मेली. ती आणखी दोन-चार झटके देईल, गुरगुरेल, मग डोळे वर करून तुमच्याकडे बघेल. त्यानंतर मागच्या दाढांवरची पकड सैल होते. हे हाताला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. त्या क्षणी 'सोड' म्हणा. सोडलं की दोरी तुमच्या छातीशी. आता गप्प राहा. ती उडी मारेल, भुंकेल, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर बसेल. ढुंगण टेकलं रे टेकलं की 'घे!' आणि पुन्हा ओढाओढ. असं थोड्या वेळा झालं की 'सोड' हा शब्द दोरी थांबण्याआधी म्हणायला लागा, ती शब्दावरच सोडेल. हाताला दात लागला, चुकून का होईना, तर दोरी खिशात आणि अर्धा मिनिट तुम्ही तिच्या लेखी अस्तित्वातच नाही. यात तुम्ही सिट, सोड आणि भडकलेल्या डोक्याने ऐकणं, अशा तिन्ही गोष्टी शिकवल्यात. शांत डोक्याने ऐकणं कुणालाही जमतं. खरी गरज पडते ती डोकं तापलेलं असताना.

आणि 'जिंकू दिलं की डोक्यावर बसतं' याचं म्हणाल, तर निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 14 गोल्डन रिट्रीव्हर होती. काही फेऱ्यांत कुत्र्याला ओढाओढीत जिंकू दिलं, काही फेऱ्यांत हरवलं. नंतरच्या चाचण्यांत जिंकण्या-हरण्याने कुत्र्याच्या वर्चस्वाच्या वागण्यात फरक पडलेला दिसला नाही. उलट खेळल्यानंतर, जिंको वा हरो, कुत्री माणसाकडे जास्त लक्ष देऊ लागली. मी मुद्दाम तीनातला एक डाव तरी कुत्र्याला जिंकू देते. सतत हरणाऱ्याला खेळात रस कशाला राहील?

ट्रेनरनी पोलिसांच्या किंवा स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांचं उदाहरण दिलं असेल तर त्यांना विचारा, त्या कुत्र्यांना पगार काय मिळतो? बहुतेकदा चेंडू. किंवा गुंडाळलेला टॉवेल. वासाच्या कामासाठी कुत्रं निवडताना पहिली गोष्ट हीच बघतात, की उंच गवतात चेंडू हरवला तर ते किती वेळ, किती हट्टाने शोधत राहतं. दोन मिनिटांत नाद सोडणारं कुत्रं बाद. सामानाच्या रांगेवरून नाक फिरवणारं कुत्रं कर्तव्य बजावत नसतं. ज्या वासामागे आजवर चेंडू निघालाय, तो वास ते शोधत असतं. हँडलरच्या वहीत त्याची नोंद कामगिरी म्हणून होते, आणि ते बरोबरच आहे.

मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीचं तर आणखी पुढचं. तिला खाऊ नको, चेंडू नको. मेंढ्याच बक्षीस. ती ऐकेनाशी झाली तर मेंढपाळ तिला मेंढ्यांपासून दूर करतो, एवढीच शिक्षा, आणि ती पुरते.

इथून तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा मुद्दा निघतो: कोणता खेळ, हे कुत्र्याच्या रक्ताला विचारून ठरवायचं. केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे जोडपं मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या तालमीत तयार झालेलं, त्यांनी जाहिराती आणि प्रदर्शनांसाठी अक्षरशः हजारो प्राणी शिकवले. 1961 साली त्यांनी आपल्या अपयशांवर एक लेख लिहिला. डुकराला लाकडी नाणी उचलून पेटीत टाकायला शिकवलं. पहिल्यांदा झकास. काही काळाने डुक्कर नाणं वाटेत टाकून नाकाने उकरायला लागलं, पुन्हा उचलून पुन्हा उकरायला लागलं. रॅकून (अमेरिकेतला एक छोटा केसाळ प्राणी) नाणी पेटीत टाकेचना, दोन नाणी एकमेकांवर घासत बसायचा, जसं तो पाण्यात खाणं घासतो. नाणी घासून खाऊ मिळत नव्हता, उलट उशीर होत होता, तरी. उपजत वागणं असं फटीतून आत शिरतंच. मग आपण शहाणपणाने दारच उघडून त्याला आत का घेऊ नये? टेरियरला ओढाओढ आवडते, हाउंडला माग काढणं. लॅब्रॅडॉर पिढ्यान्पिढ्या वस्तू तोंडात धरून आणण्यासाठी निवडला गेलाय. तुमची कुत्री चेंडूवर वेडी आहे, यात तिचा दोष नाही, तो तिचा पिढीजात धंदा आहे.

तेव्हा तुमच्या आज्ञा चेंडूत कशा बसतात ते बघा. तिला डाव्या बाजूला घ्या. चेंडू उजव्या हातात. ती तुमच्या पायाशी, मान वर करून चालतेय अशी चार पावलं गेली की चेंडू फेका. हे हील झालं. पुढच्या वेळी दहा पावलं, मग तीन, मग वळण घेऊन सहा. कधी फेकाल याचा तिला अंदाज येऊ देऊ नका, म्हणजे ती प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकेल. दुसरा खेळ: सिट म्हणा, बसताक्षणी फेका. पूर्ण बसल्यावर, अर्धवट उकिडवी असताना नाही. वेगाने बसली तरच चेंडू उडतो हे कळलं की तिचं बसणं बघा कसं होतं. तिसरा खेळ सगळ्यात अवघड आणि माझा सगळ्यात आवडता. सिट, मग 'थांब' म्हणून चेंडू फेका आणि तिने बसूनच राहायचं. सुरुवातीला फेकायचाही नाही, फक्त पायाजवळ टाकायचा, आणि पट्ट्यावर पाय ठेवायचा, म्हणजे ती सुटली तरी चेंडूपर्यंत पोहोचणार नाही. अंग थरथरतंय, पुढचे पंजे जागीच नाचतायत, पण ढुंगण जमिनीला. एक सेकंद. 'आण!' आणि सोडा. तो एक सेकंद वाढवत वाढवत न्यायचा. घरात पाहुणे आल्यावर जो स्टे लागतो, रस्त्याच्या कडेला जो स्टे लागतो, तो हाच. गालिच्यावर कंटाळत केलेल्या स्टेने तिथे काम भागत नाही. चौथा, चेंडू घेऊन परत येणं, म्हणजे 'ये'. ती आणून लांबच टाकत असेल किंवा घेऊन पळत असेल तर तिच्यामागे धावू नका, तो तिचा खेळ होतो. दुसरा तसाच चेंडू काढा, तुम्ही उलट दिशेने पळा, आणि पहिला टाकला की दुसरा फेका.

डाउन मी मुद्दाम सोडलं, त्याबद्दल शेवटी बोलते.

दोन-तीन सावधगिऱ्या. चेंडू पुरेसा मोठा हवा, लहान चेंडू घशात अडकून कुत्री दगावतात. सलग फेकत बसू नका. सात-आठ फेकींनंतर थांबा, तिची जीभ लांब बाहेर येण्याची वाट बघू नका. उंच उडी मारून हवेत वळायला लागेल अशा फेकी टाळा, गुडघ्यांवर फार जोर येतो. सत्र संपताना चेंडू एकदम गायब करू नका, चार ट्रीट गवतात विखरा आणि तिला हुंगत शोधू द्या. नाक चाललं की डोकं थंड होतं.

हे सगळ्या कुत्र्यांना लागू नाही, हेही सांगायला हवं. चेंडूने पेटून उठणारी, पेटल्यावर काहीच ऐकू न येणारी कुत्री असतात. त्यांना मी चेंडू दाखवतही नाही, खाऊवर आणि हुंगण्यावर शिकवते, कारण त्यांना वेगाची नव्हे, ब्रेकची गरज असते. भित्र्या कुत्र्याला ओढाओढ म्हणजे अंगावर येणं वाटू शकतं. खेळणं मिळाल्यावर ते घेऊन कोपऱ्यात जाणारं, जवळ गेलं की अंग ताठ करणारं कुत्रं असेल, तर त्याच्याशी वस्तूंचा खेळ एखाद्या जाणकाराला समोर ठेवूनच सुरू करावा. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही, म्हणून वरचं सगळं बिनधास्त लिहिलं.

आणि काही गोष्टी काम म्हणूनच राहतात. पाहुणे जेवत असताना चटईवर पडून राहणं, डॉक्टरांच्या टेबलावर उभं राहणं, नखं कापून घेणं. यांना खेळाचा मुलामा द्यायला गेलं की माणूस लाडिक आवाज काढतो आणि कुत्रं संशयाने बघतं. तिथे सरळ पगार द्या. थोडं काम, चांगला खाऊ, ठरलेला शेवट. शेवट ठरलेला असणं फार महत्त्वाचं, 'झालं!' असा एक शब्द ठेवा आणि तो इमानदारीने पाळा. पगार वेळेवर मिळणारं काम कुत्री खुशीने करतात. त्यांना छळतं ते बिनपगारी, बिनशेवटाचं काम, आणि त्याहून जास्त चुकलं तर मार बसेल असं काम. पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झटके आणि ओरडा यांवर चालणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा आणि लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) बक्षिसावर चालणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांपेक्षा जास्त आढळलं. शिकवणीच्या वेळेबाहेरही, ज्यांना फार धाकात ठेवलं होतं ती कुत्री, बशीत खाऊ असेल की नसेल अशा संदिग्ध प्रसंगी नसेलच असं धरून चालत होती.

तुमच्या बाजूचंही थोडं. तुम्ही लिहिलंय, 'मलाही तो अर्धा तास जड जातो.' हे कुत्रीला तुमच्याआधी कळलेलं असतं. कंटाळलेल्या माणसाचा आवाज सपाट होतो, खांदे पडतात, ट्रीट उशिरा येते. ज्या दिवशी मन नसेल त्या दिवशी शिकवूच नका. एक लांब पट्टा घ्या, तिला हवं तिथे जाऊ द्या, तिच्यामागे चाला.

आता डाउन. तुम्ही जाता जाता लिहिलंय, की ती डाउनला सगळ्यात जास्त वेळ लावते आणि बसताना एका बाजूला कलंडून बसते. हे वाचून मी थबकले. लॅब्रॅडॉरमध्ये नितंबाच्या आणि कोपराच्या सांध्याचे दोष बऱ्यापैकी आढळतात, आणि दीड वर्ष हे काही त्यासाठी लहान वय नाही. तिचा सराव थोडे दिवस थांबवून आधी पशुवैद्याला दाखवा, आणि जाताना तिच्या उठण्या-बसण्याचा बाजूने काढलेला व्हिडिओ घेऊन जा, कारण दवाखान्यात घाबरलेली कुत्री लंगडणं लपवते. जे आपल्याला नावड वाटतंय ते दुखणं असेल, तर कितीही खेळ करून उपयोग नाही. चेंडूचे खेळही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरू करा.

क्लासचं काय करायचं, हाही तुमचा प्रश्न होता. लगेच सोडू नका. ट्रेनरना सांगा, की मी रांगेच्या टोकाला उभी राहीन, दोन-तीन वेळा करून तिला बाजूला हुंगायला नेईन आणि परत येईन. ते चेंडूला नाही म्हणाले तर त्यांचं ऐका, दहा कुत्र्यांच्या घोळक्यात उडता चेंडू म्हणजे भांडणाला आमंत्रण. तिथे हातातली दोरी किंवा खाऊ वापरा. पण जांभई दिली म्हणून पट्ट्याला हिसका द्यायला सांगत असतील, तर पुढच्या महिन्याची फी भरण्याआधी दुसरा क्लास शोधा.